दिवेलागणीपर्यंतचं खोटं

खोली बघायला आला त्या दिवशी, अजून चपला काढायच्या होत्या, तेवढ्यात तो मला म्हणाला, "मावशी, एक गोष्ट आधीच सांगतो, मागनं तक्रार नको. मी दिसाला एक खोटं बोलतो. एकच. पर बोलतो म्हंजी बोलतोच."

आता मला सांगा, अशा माणसाला कोण घर देईल? माझी सगळी नोकरी जमिनीचे दस्त नोंदवायच्या कचेरीत गेली. समोर बसलेला माणूस स्वतःला जो म्हणवतो तोच आहे का, हे बघण्यात माझे डोळे गेले. मेलेल्या भावाच्या नावानं सही करायला आलेला धाकटा भाऊ मी नुसत्या त्याच्या घामावरून ओळखलेला आहे. तिथं येणारा प्रत्येक जण देवाशपथ सांगायचा की आपण जन्मात खोटं बोललो नाही. हा पहिलाच असा भेटला, ज्यानं आपल्या खोट्याचं माप आधीच सांगून टाकलं. लोक मला संशयी म्हणतात. आहेच मी. पण त्या दिवशी संशयापेक्षा उत्सुकता जड झाली आणि वरचा मजला मी त्याला देऊन टाकला.

साताऱ्यात एक दगड मारला तर तो कुठल्यातरी निवृत्त फौजीच्या अंगणात पडतो, पण आमच्या गल्लीत नुसतं 'फौजी' म्हटलं की तो हाच. गाव शिराळ्याजवळचं. पेन्शनीपुरती नोकरी करून चाळिशीच्या आत घरी आलेला. मिशी कातरलेली, बोलणं अघळपघळ, चालणं मात्र अजून परेडचं. बायको एका खाजगी दवाखान्यात नर्स. आणि मुलगी तनू, नऊ वर्षांची, बापासारखीच सरळ डोळ्यात बघणारी.

राहायला आले त्याच्या पहिल्याच सोमवारी मला पहिली शंका आली. सकाळचे दहा वाजून गेले होते. गल्लीतली सगळी पोरं दप्तरं पाठीला लावून रिक्षांतून गेलेली. आणि ही पोरगी कडक इस्त्रीचा फ्रॉक, दोन वेण्या, रिबिनी, अशी नटून गच्चीत उन्हाला पाठ करून बसलेली.

"सुट्टी का गं?" मी खालून विचारलं.

"नाही. शाळा चालू आहे. आमची घरी असते."

"घरी? कोण शिकवतं?"

"बाबा." मग तिनं मला विचारलं, "आजी, तुम्ही हे काळजीनं विचारताय की चौकशी म्हणून?"

माझ्या कचेरीतल्या साहेबांनाही कधी हा फरक कळला नव्हता. मी आत निघून गेले.

गल्लीनं मग आपापल्या परीनं उत्तरं शोधली. कुणी म्हणालं पोरीला फिट येतात. कुणी म्हणालं शाळेनं काढून टाकलंय. समोरच्या काकूंना खात्री होती की पोरगी त्यांची नव्हेच, कुठूनतरी आणलीय, शाळेत घातली तर दाखले मागतील म्हणून घरात ठेवलीय. यातलं मला काहीच पटत नव्हतं आणि सगळंच शक्य वाटत होतं. शेवटी मी माझ्या पद्धतीनं तपास सुरू केला. म्हणजे काय, तर जिन्याखालच्या कट्ट्यावर भाजी निवडायला बसू लागले. जिन्याचं दार उघडं ठेवलं की वरचा शब्द न् शब्द खाली येतो.

एक दिवस वरून फौजीचा आवाज आला, "तर किष्णामाई म्हाबळेश्वरात जन्मली, धोमला आली, वाईच्या गणपतीच्या पाया पडली, तितनं आपल्या सातारा शेहराच्या मधनं गेली, आनि म्होरं कराडला तिला कोयना भेटली."

मी साताऱ्यात जन्मले. मला राहवेना. हातातली गवार तशीच घेऊन मी जिना चढले आणि म्हटलं, "अहो, लेकराला काय शिकवताय? कृष्णा शहरातून कुठं जाते? ती माहुलीला, गावाबाहेर. तिथं वेण्णा मिळते तिला."

तनू ताडकन उठली. तिच्या डोळ्यात पाणी आलं. "आजी! सांगून टाकलंत! मला संध्याकाळपर्यंत पकडायचं होतं ना ते!"

तेव्हा मला त्या घराची रीत कळली. रोजच्या शिकवण्यात बाप एक खोटं मिसळायचा. नदीत, इतिहासात, बेरजेत, भाजीच्या भावात, कुठंही. ते दिवेलागणीच्या आत पोरीनं शोधायचं. विचारून, बघून, मोजून, कसंही. शोधलं तर दुसऱ्या दिवशीचं खोटं बोलायची पाळी तिची, आणि शोधायची बापाची. नाही सापडलं तर दिवा लावताना बापानं स्वतः ते कबूल करायचं. त्यात सवलत नाही.

"खोटं रातभर घरात ठिवायचं न्हाई, मावशी," तो म्हणाला. "नासतं."

त्या दिवशी माझ्यामुळं डाव मोडला, त्याची शिक्षा म्हणून मला दोघांबरोबर माहुलीला जावं लागलं. रिक्षानं गेलो. संगमावर उभं राहून तनूनं दोन्ही नद्या नीट बघितल्या, कुठली कुठून येते ते घाटावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, आणि तो सांगतोय ते खरं कशावरून, हेही विचारलं. म्हातारा इतका चिडला की उठून गेला.

'कशावरून' हा त्या घरातला देवाच्या नावासारखा शब्द होता. सकाळी उठल्यापासून चालू. फौजीला गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं होतं. कुणी टाकलं की अमुक पाल्यानं साखर उतरते, की याचं खाली उत्तर, 'कशावरून?' उद्या पाणी येणार नाही, 'कशावरून?' एका सकाळी समोरच्यांनी सुविचार टाकला की आई हे ईश्वराचं रूप आहे, त्याखालीही यानं तेच लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्याला ग्रुपमधून काढलं होतं. त्याला भारी आनंद झाला.

बाकी शिस्त मात्र पलटणीतली. शाळा नाही तर फ्रॉकला इस्त्री कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "इस्त्री काय शाळंच्या बापाची हाय व्हय?" पोरीला बरोबर घेऊन तो लोकांचे पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचा. माझा मिक्सर तनूनं स्वतः उघडला आणि जोडला. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला.

"जादाचा दिला आसंल कंपनीनं," फौजी गंभीरपणे म्हणाला.

मी तो स्क्रू हातात घेऊन संध्याकाळपर्यंत वाट बघितली, हा कबूल करतो का म्हणून. दिवे लागले तरी खाली कुणी आलं नाही. म्हणजे ते खरं होतं, की त्या दिवशीचं खोटं दुसरंच होतं आणि हे जादाचं? अशा विचारांनी माणसाचं डोकं फिरतं. मिक्सर अजून चालतो, पण चटणी वाटताना मी थोडी लांब उभी राहते.

हसण्यावारी नेत होते, तरी मला एक भीती होती, आणि ती मी लपवून ठेवली नाही. संध्याकाळी पाचला गल्लीतली पोरं परत यायची, तेव्हा तनू फाटकाला लटकून त्यांची वाट बघायची. पोरं यायची, पण खेळ फार वेळ टिकायचा नाही. राज्य कुणावर, हे कशावरून. आउट झालो, कशावरून. हळूहळू आयांनीच आपापली पोरं आवरली. मग ही फाटकावर एकटी. मला वाटायचं, हा बाप पोरीला हुशार करतोय हे खरं, पण उद्या हिचा कुणावर विश्वास बसेल का? नवऱ्यावर, मैत्रिणीवर, कुणावर तरी? मी आयुष्यभर संशयावर जगले, नवरा गेल्यावर एकटी राहिले, भाड्यानं घर दिलेल्या माणसांच्या पायरवावर कान ठेवून बसले. हा गुण कुणाच्या लेकराला लागू नये.

एकदा मी त्याला हे बोलून दाखवलं. म्हटलं, एवढं कशासाठी? तर त्यानं मला एक गोष्ट सांगितली. शिराळ्याच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की नाग दूध पीत नाही. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. "गुरुजी सोवळं नेसून दुधाची वाटी नागाम्होरं धरून बसल्यालं! मी म्हनलं, गुरुजी, काल तर तुमीच सांगितलं. तर असा कानाखाली आवाज काढला, आजून शिट्टी वाजती. तवाच ठरिवलं, आपलं पोरगं शाळंत घालायचं न्हाई."

मला ती गोष्ट फार आवडली. मी ती आमच्या भजनी मंडळात दोनदा सांगितली. आणि मग एका दुपारी तनूची आई ड्युटीवरून येऊन माझ्या ओट्यावर टेकली, चहा घेता घेता हसायला लागली आणि म्हणाली, "काकू, ती गोष्ट खोटी आहे. त्यांचे गुरुजी फार भले होते. तुम्हाला सांगितली त्याच दिवशी संध्याकाळी यांनी तनूपाशी कबूलही केलं होतं. पण तुम्ही खाली होता ना."

"मग खरं काय?"

तिनं कप खाली ठेवला. हे ती एरवी कधी बोलत नसे. तेव्हा ते सांगलीत राहायचे. ही तिथल्या दवाखान्यात, फौजी सीमेवर बर्फात, तनू नुकतीच शाळेत जायला लागलेली. एक दिवस शाळा सुटली आणि एक अनोळखी बाई फाटकावर आली. म्हणाली, तुझ्या आईला लागलंय, चल लवकर. तनू निघाली. कुणी काही विचारलं नाही, तिनंही नाही. एसटी स्टँडवर विजापूरच्या गाडीत ती बाई हिला घेऊन बसली होती. गाडी सुटायला आलेली.

"कंडक्टर बाई होती. तिला संशय आला. का, तर ती बाई हिला सारखं बाळ, बाळ म्हणत होती. कंडक्टरनं विचारलं, बाळाचं नाव काय? तर तिला सांगता येईना. पोलीस बोलावते म्हटल्यावर ती उतरली आणि गर्दीत गेली ती गेलीच. कोण होती, आजवर कळलं नाही."

"आणि तनू?"

"तनूला मी विचारलं, का गेलीस? तर म्हणाली, मोठ्या माणसांचं ऐकायचं असतं. शाळेतल्या बाईंनी शिकवलंय. मी पण तेच शिकवलं होतं, काकू. सगळेच तेच शिकवतात."

फौजीला हे कळलं तेव्हा तो इतका लांब होता की यायलाच काही दिवस लागले. पेन्शन बसल्याबरोबर त्यानं नोकरी सोडली, सांगली सोडली, पोरीला शाळेतून काढलं. मी पुढं कधीतरी त्याच्यापाशी हा विषय काढला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "संशयानं माझी पोरगी परत दिली, मावशी. इस्वासानं तर ती गाडीत बसिवली हुती." माझ्या स्वभावाबद्दल चांगलं बोललेला तो जगातला पहिला माणूस.

पण हे त्याच्या थोरल्या भावाला कोण सांगणार? आण्णा म्हणायचे त्यांना सगळे. गावाकडं ऊस बघायचे. येताना गुळाची ढेप आणायचे आणि जाताना भांडण करून जायचे. शेवटचं मोठं भांडण माझ्यासमोर झालं.

"आरं, पोरीची जात हाय. धा जनात बसाय उटाय नको तिला? जूनमदी मी तिला गावाकडं न्हेनार. आजीजवळ ऱ्हाईल, शाळंत जाईल. तुज्या या खुळ्या धंद्यानं ती उद्या सख्ख्या बापावर तरी इस्वास ठिवंल का?" आणि ते तनूकडं वळले. "काय गं, हाय का इस्वास तुझा बापावर?"

तनूनं विचार केला. कुणाला बरं वाटावं म्हणून उत्तर देणाऱ्यांपैकी ती नव्हती.

"दिवेलागणीनंतर असतो," ती म्हणाली.

आण्णांनी कपाळावर हात मारला. फौजी हसला नाही. तो तिच्याकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, "आण्णा, मे म्हैना जाऊ दे. मग बोलू." त्याच्यासारखा भांडखोर माणूस एवढ्यावर गप्प बसला, याचीच मला शंका आली.

तिथून पुढं मी लक्ष ठेवायला लागले. फौजी मधूनच पहाटेच्या एसटीनं जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. कुठं गेला होता? मिरजेला, दोस्ताकडं. येताना चेहरा उतरलेला. बायको विचारल्याशिवाय बोलेनाशी झाली. मला काय वाटलं असेल ते तुम्हाला कळलंच. मनातल्या मनात मी त्या मिरजेच्या बाईला साडीसुद्धा नेसवली होती. एकदा जिन्यात गाठून मी सरळ विचारलं, "मिरजेला कोण आहे तुमचं?"

तो थांबला. म्हणाला, "मावशी, आजचं खोटं आजून शिल्लक हाय. आत्ता इच्यारू नका."

त्यानंतर थोड्याच दिवसांत जिन्याची गोष्ट घडली. त्या दिवशी सकाळी त्यानं तनूला सांगितलं होतं की हळद झाडाला शेंगेत येते, आणि तनूनं दुपारच्या आत माझ्या कुंडीतलं हळदीचं झाड मुळासकट उपटून त्याला पकडलं होतं. म्हणजे दिवसाचं खोटं संपलेलं. संध्याकाळी तो बाजारातून पिशवी घेऊन आला आणि निम्म्या जिन्यात थांबला. कठडा घट्ट धरलेला. मी आणि तनू खाली उभ्या होतो. आम्ही बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "मावशी, कठडा हलतोय. बघाय पायजे येकदा." आणि एकेक पायरी करत वर गेला.

मी जाऊन कठडा हलवून बघितला. माझ्या नवऱ्यानं उभं राहून बसवून घेतलेला लोखंडी कठडा, तो कशाला हलतोय. मागून तनू आली. तिनंही दोन्ही हातांनी धरून ओढून बघितला.

"आजी, हलत नाही."

"नाही."

"मग आज दोन झाली," ती म्हणाली.

दिवेलागणीला त्यानं कठड्याचं कबूल केलं नाही. हे मला तनूनंच दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, आणि एखादा मुरलेला हवालदार सांगेल तशी एकेक गोष्ट मांडत होती. बाबा जिन्यात थांबतात. कठडा हलत नाही. मिरजेचा दोस्त एवढा जवळचा असता तर एकदा तरी आपल्याकडं आला असता. आई त्यांच्या ताटात बघते, तोंडाकडं बघत नाही. मिरजेला दवाखाने फार आहेत, हे आईनंच पूर्वी सांगितलंय.

शिकवलं तसंच शिकली होती पोरगी. बापानं धार लावली आणि ती त्याच्यावरच चालली. माझ्या मनातली ती साडीतली बाई तिथंच विरून गेली आणि मला स्वतःची लाज वाटली, पण त्याहून जास्त या लेकराची काळजी वाटली.

"मग पकड ना," मी म्हटलं. "संध्याकाळी त्यांना सांगावंच लागेल."

तनू ओट्यावरचं पीठ बोटानं गोळा करत राहिली.

"आजी, ते खरं मला नकोच असलं तर?"

जन्मभर मी समोरच्याचं खोटं उघडं पाडलं. पण एखाद्याला खरं कळूनही ते झाकून ठेवावंसं वाटेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मी तिला कणीक मळायला बसवलं.

रक्ताचा आजार होता. तनूच्या आईनं मला सांगितलं तेव्हा फौजी मिरजेच्या दवाखान्यात होता आणि परत येईल अशी आशा डॉक्टरांनी सोडलेली होती. तिनं लपवलं नव्हतं, त्यानंच शपथ घातली होती. पोरीला आपण सांगू, आपल्या तोंडानं, म्हणाला होता. दिवस ढकलत राहिला. बंदुकीसमोर उभा राहिलेला माणूस, पण एवढं त्याच्यानं होईना.

जूनच्या तोंडावर मी तनूला घेऊन मिरजेला गेले. एसटीत ती खिडकीशी बसली होती, एरवी रस्त्यावरचा प्रत्येक फलक वाचून त्याच्यावर प्रश्न काढणारी, त्या दिवशी गप्प.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. तो पलंगावर उशाला टेकून बसला होता. मिशी तेवढी कातरलेली होती, बाकी अंगात काही उरलं नव्हतं. आण्णा पायथ्याशी स्टुलावर बसलेले, पटका मांडीवर. तनूला बघून त्याचा चेहरा उजळला.

"आलीस व्हय? इस्त्री कुनी केली गं?"

"मी."

"झ्याक." त्यानं तिचा हात धरला. "हे बग तनू, आयतवारी सोडनार हायत मला. घरी येतो. आनि औंदा पंचमीला आपन शिराळ्याला जायाचं. पाळण्यात बसू. काय?"

आण्णा खाली बघत होते. तनूच्या आईनं पाठ फिरवली आणि पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं ठेवला. तनू बापाच्या डोळ्यात सरळ बघत होती, नेहमी बघायची तशी, आणि मला भीती वाटली. मला वाटलं, ही आता म्हणणार, कशावरून?

खिडकीबाहेर अंधारून आलं. नर्सनं येऊन बटन दाबलं, वॉर्डातले दिवे लागले. फौजीनं वर दिव्याकडं बघितलं, मग पोरीकडं. रीत त्याचीच होती, आणि या आजाराचं सोडलं तर तिच्यातून त्यानं आजवर अंग काढून घेतलं नव्हतं.

"काय गं," तो म्हणाला, "आज काय घावलं?"

"आज काही नाही सापडलं, बाबा."

"मग मी सांगू?"

"नको," तनू म्हणाली. तिनं त्याच्या अंगावरची चादर सरळ केली, चुण्या मोडून, इस्त्रीसारखी. "आजचं राहू दे."

त्यानं डोळे मिटले. इतकं सुटल्यासारखं तोंड मी कुठल्याही माणसाचं बघितलेलं नाही. तिनं पकडलं होतं हे त्याला कळलं होतं. त्याला कळलंय हे तिला कळलं होतं. माझ्यासारखीला तर ते बघता क्षणीच कळलं. आण्णांनी पटक्यानं तोंड पुसलं आणि ते बाहेर निघून गेले. आयतवार आला, पण तो घरी आला नाही.

दिवसपाणी झाल्यावर आण्णा साताऱ्याला आले. मला वाटलं आता पोरीला घेऊन जाणार. ते ओट्यावर बसले, तनूला पुढ्यात घेतलं आणि म्हणाले, "चल माज्यासंगं. मी हाय तुला."

"कशावरून?" तनू म्हणाली.

पण आण्णा चिडले नाहीत. मोठा माणूस, लहान पोरासारखा रडायला लागला. "खरं हाय तुजं," ते म्हणाले. "हितंच ऱ्हा आईजवळ. मी येत जाईन. तू बग, येतो का. मग ठरीव."

घरी शिकवायला कोणी उरलं नव्हतं, आईला ड्युटी. तनू शाळेत जायला लागली. फ्रॉकऐवजी गणवेश, इस्त्री तीच. पहिल्याच आठवड्यात बाईंची तक्रार आली, मुलगी फार प्रश्न विचारते. मीच गेले भेटायला, कचेरीतला चेहरा लावून. पुढं तक्रार आली नाही. आण्णा गूळ घेऊन येतात. येतो म्हटल्या दिवशी येतात. तनू फाटकाला लटकून वाट बघते आणि ते दिसले की मला ओरडून सांगते, "आले! बघितलं?" जणू मीच शंका घेत होते.

परवाची गोष्ट. संध्याकाळी ती शाळेतून आली ती वर गेली आणि लगेच खाली आली. माझ्या दारात उभी राहिली.

"आजी, मी आज एक खोटं बोलले."

"कुणाशी?"

"आईशी. तिनं विचारलं, बाबांची आठवण येते का. मी म्हटलं, नाही."

बाहेर उजेड कमी होत होता. मी देवापाशी वात वळत बसले होते. तिच्याकडं न बघता म्हटलं, "मग अजून वेळ आहे. मी दिवा लावायची थांबते. जा, सांगून ये."

ती एका दमात जिना चढून गेली. वरचं दार वाजलं. जिन्यात उभं राहिलं असतं तर शब्द न् शब्द ऐकू आला असता. मी उठले, जिन्याचं दार लावून घेतलं, आणि मग दिवा लावला.